धाकट्यांची शाळा : आनंद आणि जोखीम

वसंत व्याख्यानमालेची गंमत अशी की, मुलांच्या शाळांना सुटी लागली म्हणजे ही मोठ्यांची शाळा भरते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही प्रथा सुरू केली आणि तेव्हापासून वैशाखाच्या उकाड्यात, संध्याकाळी, खुर्च्यांवर दाटीने बसून ऐकण्याची सवय मराठी माणसाला लागली. या शाळेत हजेरी नाही, परीक्षा नाही, आणि कंटाळा आल्यास मधूनच उठून जाण्याची मोकळीक आहे. ज्या शाळेविषयी आम्ही बोलणार आहोत तेथेही ही शेवटची मोकळीक विद्यार्थी खुशाल घेतात. फरक इतकाच की, तेथे उठून गेलेल्याला हाताला धरून परत आणावे लागते.

आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. बालशिक्षणाचे शास्त्र आम्ही कोठल्याही विद्यालयात शिकलेलो नाही. जे वाचले ते लोकलच्या प्रवासात आणि दोन सभांच्या मधल्या वेळात. तेव्हा आम्ही या विषयावर बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या कामात एक सवय अंगी मुरते. नवा कामगार दारात आला की, आम्ही त्याला आधी पगार विचारत नाही. तू काम काय करतोस, हात काय करतो, डोळा कोठे असतो, चूक झाली तर काय बिघडते, आणि ते बिघडलेले किती दिवसांनी लक्षात येते, हे आम्ही विचारतो. या शेवटच्या प्रश्नात कामाची खरी किंमत दडलेली असते. गिरणीत धागा तुटला तर तो त्याच क्षणी दिसतो. औषधाच्या कारखान्यात मिश्रण चुकले तर तपासणीत कळते. २०२३ च्या जूनमध्ये तुर्भ्याच्या एका वस्तीतील अंगणवाडीच्या ताई आमच्याकडे आल्या, तेव्हा आम्ही त्यांनाही हेच विचारले. त्या हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, सांगून नाही कळायचं. एक दिवस येऊन बसा." आम्ही गेलो. एका दिवसाचे पुढे पुष्कळ दिवस झाले.

खोली लहान, वर पत्रा, भिंतीवर रंगवलेला मोर आणि फळे. मुले पंचवीसेक. कोणाचा बाप बाजार समितीत हमाल, कोणाची आई चार घरची धुणीभांडी करणारी, कोणाचे आईबाप सकाळी नाक्यावर उभे राहून मिळेल ते बांधकाम पत्करणारे. सिडकोने १९७० पासून खाडीकाठच्या पंचाण्णव गावांच्या जमिनींवर हे शहर वसविले. ते ज्यांच्या हातांनी उभे राहिले त्यांची ही नातवंडे म्हणावयास हरकत नाही.

त्या सकाळी एक मुलगा दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभा होता. आई केव्हाच कामावर गेली होती. तो रडत होता, पण आत येईना आणि बाहेरही जाईना. आम्हांस वाटले, आता ताई त्याला उचलून आत आणतील. त्यांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. चिंचोक्यांचा एक डबा मात्र त्यांनी त्याच्या पायाशी ठेवला आणि म्हटले, "हा जरा सांभाळ हं." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आत मुलांना चिंचोके हवे झाले, तेव्हा ताईंनी दाराकडे पाहून हाक मारली, आणि तो डबा घेऊन आत आला, प्रत्येकाला मूठ मूठ वाटू लागला, आणि आपण आत आलो आहोत हे त्याच्या ध्यानातही आले नाही. आमच्या ध्यानात आले. आम्ही कारखान्यांच्या फाटकांवर कितीतरी माणसांना संघटनेच्या दारातून आत आणले आहे, पण इतक्या सफाईने क्वचितच.

एकदा आम्ही हौसेने मुलांना गोष्ट सांगावयास बसलो. हजार माणसांची सभा गप्प करणारा आमचा आवाज. तो लागल्याबरोबर दोन मुले रडू लागली आणि बाकीची खिडकीकडे गेली. ताई उठल्या आणि आमच्याहून निम्म्या आवाजात, जवळजवळ कुजबुजत, बोलू लागल्या. मुले एकेक करून जवळ सरकली. ऐकू यावे म्हणून ती स्वतःच गप्प झाली होती. पन्नाशी उलटल्यावर आम्हांस हा धडा मिळाला, त्याचा सभेतही उपयोग झाला.

आता जरा शास्त्राकडे वळू. ज्या पालकांना वस्तीत सर्वांत अधिक घाई असते ती पाटीची. मूल तीन वर्षांचे झाले, अजून 'अ' काढीत नाही, मग तेथे शिकवितात काय? ही तक्रार आम्ही वाशी-नेरूळच्या सुशिक्षित घरांतही ऐकली आहे, तेथे ती इंग्रजीत असते एवढेच. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती हाडे नसतातच, कूर्चा असते. पहिली दोन पहिल्या वर्षात घडू लागतात, चार वर्षांच्या मुलात साधारण निम्मीच आकाराला आलेली असतात, आणि शेवटचे तर आठव्या वर्षानंतर केव्हातरी घडते. शिवाय बोटांचे बारीक स्नायूही अजून कच्चे असतात. म्हणून लहान मूल खडू सगळ्या मुठीत धरते आणि खांद्यापासून हात हलवून रेघ ओढते. त्या हाताने ओळीत अक्षरे काढून घेणे म्हणजे ओल्या भिंतीवर छप्पर चढविणे होय. ताई त्या काळात काय करवून घेतात? माती मळणे, मणी ओवणे, डाळीतून खडे निवडणे, कागद फाडणे, पाण्याने भरलेला पेला न सांडता नेणे. पाहणाऱ्याला वाटते, खेळ चालला आहे. खेळच आहे, पण त्याच खेळातून अंगठा आणि दोन बोटे एकत्र येतात, आणि मग पेन्सिल आपोआप त्यांत बसते. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांतली बारीक गाठ काढावयाची तर आधी हे व्हावे लागते.

अंकांची गोष्ट याहून मौजेची. वर्गातली एक मुलगी पन्नासपर्यंत अंक घडाघडा म्हणे. आईला त्याचा अभिमान. पण सात चिंचोके दे म्हटले की ती मूठभर देई. मोजावयास बसली की एका चिंचोक्याला दोनदा बोट लावी, दुसरा तसाच राही. म्हणजे तिला आकड्यांचे गाणे येत होते, मोजणे येत नव्हते. एका वस्तूला एकच आकडा, ही पहिली पायरी. ती चढल्यावरही एक अडचण राहिली. सात मोजून झाले की ताई विचारीत, "मग किती आहेत?" आणि ती पुन्हा एकपासून मोजू लागे. शेवटचा उच्चारलेला आकडा हीच सगळ्यांची संख्या, हे तिला ठाऊक नव्हते. श्रोतेहो, आपल्यापैकी कोणालाही हे कोणी शिकविल्याचे आठवत नसेल. पण कोणत्या तरी एका सकाळी ते आपल्याला उमगले आहे, नाही तर आपण दुकानात उभे राहू शकलो नसतो. दिवाळीच्या आधी एके दिवशी ताईंनी नेहमीप्रमाणे विचारले, "किती?" मुलीने चिंचोक्यांकडे पाहिलेही नाही. म्हणाली, "सात." ताईंचा चेहरा आम्ही पाहिला. त्यांनी काही बोलून दाखविले नाही, फक्त आमच्याकडे वळून डोळे मोठे केले. कोठल्याही नोंदवहीत या घटनेला रकाना नाही. 'मुलांत रमता, तुमचे बरे आहे' असे लोक शिक्षिकांना म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात गाणी आणि टाळ्या असतात. आम्ही पाहिलेला आनंद निराळा होता. चार महिने ज्याची वाट पाहिली, ते डोळ्यांसमोर घडल्याचा तो आनंद. आणि ज्याला वाट पाहावयाची कशाची हेच ठाऊक नाही, त्याला तो दिसणारही नाही.

पहिली-दुसरीच्या वर्गात हीच वाट पुढे जाते. आपली मराठी येथे मुलांची परीक्षा पाहते. 'तेवीस' म्हणताना आपण तीन आधी म्हणतो आणि वीस मागाहून. लिहिताना मात्र २ आधी. ऐकले तसे लिहिणारे प्रामाणिक मूल ३२ लिहिते आणि मार खाते. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतो आणि तो असतो विसांच्या घरातला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांच्या जोडीला 'वीस तीन' अशी वाचनाची रीत दिली गेली. डॉ. मंगला नारळीकरांसारख्या विदुषी त्या कामात प्रमुख होत्या. केवढा गदारोळ उठला! वर्तमानपत्रे, चहाच्या टपऱ्या, थेट विधानसभेपर्यंत थट्टा पोचली. रीत स्वीकारावी की नाही याविषयी मतभेद असू शकतो. आम्हांस स्वतःला 'तेवीस' सोडवत नाही. पण त्या गदारोळात, मूल ३२ का लिहिते, हा साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. रोज वह्या तपासणाऱ्या शिक्षिकांना तो विचारावा लागत नव्हता. त्या तो वर्षानुवर्षे पाहत आल्या होत्या.

भाषेचा प्रश्न आमच्या शहरात आणखी अवघड होतो. एकाच खोलीत आगरी बोलणारे मूल, लमाणी बोलणारे, वडारी बोलणारे, आणि पूर्वेकडून आलेले भोजपुरी बोलणारे. पारसिकच्या डोंगराला सुरुंग लावून खडी काढणाऱ्या वस्त्यांतून कितीतरी मुले अशी आली की ज्यांना 'पाणी' या शब्दाशिवाय शाळेचे काही कळत नव्हते. अशा मुलाला आधी त्याच्या घरच्या शब्दाने हाक मारावी लागते. हे शहाणपण आपल्याकडे नवीन नाही, आणि ते दूरवरूनही आलेले नाही. ते आमच्याच त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणूच्या बाजूला, घडलेले आहे.

१९०७ साली रोममध्ये सॅन लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत मारिया माँटेसोरीबाईंनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की चाळीत मुले मोकाट सुटत, जिने आणि भिंती खराब करीत, म्हणून इमारतवाल्यांनी ती सोय केली होती. माँटेसोरी म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे भारी फी येते; तिचा जन्म मात्र कामगारांच्या चाळीतला आहे, हे आम्ही मुद्दाम सांगून ठेवतो. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. तेथे त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये त्यांच्याबरोबर नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. शहरातल्या मुलांसाठी पुष्कळ काम केल्यावर १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, आणि तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा; स्वतः कष्टाने शिकलेल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गरिबांची मुले तिच्यापर्यंत येईनात. कोणाला धाकटे भावंड सांभाळावयाचे, कोणाला बालवाडीची जागाच परकी वाटे. तेव्हा या बायांनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी. अंगणात भरणारी म्हणून तिचे नाव अंगणवाडी. साधने महागडी नकोत. शिंपले, बिया, गोटे, पाने, बांबूच्या कांड्या यांनीच मोजणे आणि रंग ओळखणे शिकवावे. नखे काढणे, केस विंचरणे, आंघोळ, हाही धडाच. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारल्यांची मुले गुरांमागे रानात जात, म्हणून शाळा कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सबंध देशात गेला. मराठी अंगणातला शब्द आज बिहारमध्ये आणि केरळातही बोलला जातो. शब्द गेला; त्या अंगणात बसणाऱ्या बाईचा मान त्याच्याबरोबर गेला का, हे पाहावयाचे आहे.

तत्पूर्वी जोखमीविषयी. या योजनेत ताईंकडे सहा कामे आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, आजारी मुलाला पुढे पाठविणे, आयांना आरोग्य व आहाराची माहिती, आणि शाळापूर्व शिक्षण. शिक्षण सहांतले एक. वजने घ्यावयाची, नोंदी करावयाच्या, त्या मोबाईलवर भरावयाच्या, आणि हे करताना पंचवीस मुलांवर नजर ठेवावयाची. आम्ही पाहिले की ताई दर थोड्या वेळाने ओठ हलवितात. जप करतात की काय? त्या डोकी मोजीत होत्या. दार, नळ, रस्ता, शेगडी. चार ठिकाणी मरण उभे आणि मुले पंचवीस.

पण हे झाले दिसणारे धोके. न दिसणारे याहून मोठे. एक मुलगा नेहमी फळ्याला नाक लावून उभा राही, सगळे त्याला खोडकर म्हणत. ताईंनी त्याच्या आईला डोळे तपासावयास पाठविले. हाक मारल्यावर न वळणारी मुलगी हट्टी आहे की तिला ऐकू येत नाही? कालपर्यंत बडबडणारे मूल आज कोपऱ्यात का बसले आहे, आणि एका ठरावीक माणसाला पाहिल्यावर ते का आक्रसते? मुलांवरील लैंगिक अत्याचारांविषयीच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे असा संशय आल्यास पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे वस्तीत राहणाऱ्या एका बाईने त्याच वस्तीतल्या माणसाविरुद्ध बोलावयाचे. आमचा तो जुना प्रश्न येथे लावून पाहावा: चूक झाली तर किती दिवसांनी कळते? येथे पंधरा वर्षांनी कळते. कधी कळतही नाही.

इतक्या जोखमीच्या कामाचा मोबदला काय म्हणून दिला जातो? 'मानधन' म्हणून. शब्द मोठा गोड आहे. हमालाला मजुरी, कारकुनाला पगार, आणि हिला मानधन. या गोडव्याचा इतिहास न्यायालयांतही दिसतो. गोव्यातील एका शाळेने एका शिक्षिकेला कामावरून कमी केले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८८ साली निकाल लागला की, शाळा हा त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे उद्योग आहे खरा, पण शिक्षक 'कामगार' नव्हे. कारण शिकविणे हे अंगमेहनतीचे किंवा कारकुनी काम नसून एक उदात्त कार्य आहे. उदात्त म्हणून हक्क नाही! २००४ साली ग्रॅच्युइटीच्या कायद्याखालीही शिक्षक बसत नाहीत असे ठरले. संसदेला २००९ मध्ये कायदा दुरुस्त करून, १९९७ पासूनच्या तारखेने, ते त्यात आणावे लागले. अखेर गुजरातेतील दाहोदच्या प्रकरणात, २५ एप्रिल २०२२ रोजी, न्यायमूर्ती रस्तोगी व न्यायमूर्ती ओक यांच्या पीठाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला, आणि त्या कायद्यापुरते मानधन हे वेतनच होय असे म्हटले. आमच्या बाजार समितीतल्या हमालांना १९६९ च्या माथाडी कायद्याने जे मिळाले, त्याच्या पहिल्या पायरीवर ताई त्रेपन्न वर्षांनी पोचल्या.

येथवर आम्ही मोठ्या विश्वासाने बोललो. पुढचे तितक्या विश्वासाने सांगता येत नाही.

महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांचा संप डिसेंबर २०२३ च्या आरंभी सुरू झाला आणि जानेवारीच्या अखेरीपर्यंत, पन्नासहून अधिक दिवस चालला. आम्ही जन्मभर संप पाहिले, चालविले. संपात यंत्र बंद होते. मालकाचे नुकसान होते. यंत्राला तेल घालून झाकून ठेवता येते. तिसऱ्या आठवड्यात ताई आमच्याकडे आल्या. चेहरा उतरलेला. वस्तीच्या नळावर त्या पाणी भरावयास गेल्या, तेथे मुले त्यांच्याभोवती जमली, त्यांनी नेहमीच्या सवयीने सगळ्यांना रांगेत उभे करून हात धुवावयास लावले, आणि त्या वेळी एका मैत्रिणीने त्यांना टोकले. त्यांनी आम्हांस विचारले, "भाऊ, हे संप फोडणं झालं का?"

आम्ही गप्प राहिलो. हे काम आहे असे म्हणावे, तर त्यांनी संप फोडला. ही माया आहे असे म्हणावे, तर मानधन म्हणणारे बरोबर ठरतात. तासभर दारे बंद करून आम्ही आमच्या सहकाऱ्यांशी वाद घातला. एक म्हणाला, शिस्त म्हणजे शिस्त. दुसरा म्हणाला, मग गिरणीच्या संपात आपण आगीचा बंब का चालू ठेवतो? तोही दाखला आम्हांस पुरेसा वाटला नाही. शेवटी ताईंना सांगितले की, नळ सार्वजनिक आहे, तेथे तुम्ही काय करता ते आमच्या कक्षेत येत नाही. हे उत्तर वकिली होते, हे त्यांनाही कळले आणि आम्हांसही. त्या गेल्या. नळावर जाण्याची त्यांची वेळ मात्र त्या दिवसापासून ठरावीक झाली, असे आमच्या कानावर आले; आम्ही चौकशी केली नाही.

संप मिटल्यावर पहिल्या सकाळी आम्ही मुद्दाम गेलो. काही मुले आलीच नव्हती. दोन कुटुंबे काम शोधीत दुसरीकडे निघून गेली होती, आणि त्यांतच ती सातवाली मुलगी होती. ताईंनी हजेरी घेताना तिचे नाव उच्चारले, थांबल्या, आणि पुढच्या नावावर गेल्या. मुले बावरलेली, दोघे पुन्हा रडत होते. एक नवीन लहानगी दाराशी चौकट धरून उभी होती. ताई वजनकाटा पुसण्यात गुंतल्या होत्या. जूनमध्ये चौकट धरून रडणारा तो मुलगा उठला, कोपऱ्यातून चिंचोक्यांचा डबा घेऊन आला आणि त्याने तो तिच्या पायाशी ठेवला.